दाजींचं खाली आलेलं आभाळ

दिल्लीला कुणी लाल किल्ला पाहायला जातं, कुणी मंत्र्याच्या दारात बसायला. मी गेलो तो आभाळ खाली आलंय की नाही याची शहानिशा करायला. कऱ्हाडात हे सांगितलं तेव्हा आमच्या वाण्याने पुडी बांधायची थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि बायकोला निरोप दिला की साहेबांना उन्हात पाठवू नका. म्हणून परत आल्यावर सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

माझा सारा जन्म जहाजांवरच्या बिनतारी संदेशांच्या खोलीत गेला. कृष्णाकाठचा माणूस समुद्रावर काय करतो, असं लोक विचारत. मी म्हणे, बसून राहतो आणि ऐकतो. पुढे उपग्रह आले आणि ऐकणाऱ्या माणसांची जहाजांना गरज उरली नाही. त्या नोकरीने मला कानात कायमची खरखर दिली आणि मनात कायमचा संशय. कानावर पडलेला संदेश पुन्हा मागवून ताडून घेतल्याशिवाय खरा धरायचा नाही, ही आमची शिस्त. घरात तिचा त्रास होतो. दूधवाला बदलून बदलून आता गल्लीत नवा दूधवाला उरलेला नाही.

दाजींचा फोन आला तो याच गुणावर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, निर्मलाताईचे यजमान. "वसंतराव," ते म्हणाले, "तुमच्याइतका संशयी माणूस मी जन्मात पाहिला नाही."

"हे सांगायला एसटीडी लावलात?"

"नाही. म्हणून तुम्ही या, असं सांगायला."

दाजी दिल्लीच्या कडेला, गाझियाबादच्या बाजूला एका लहानशा सरकारी केंद्रात आभाळाची उंची मोजतात. ढगांच्या आणि विमानांच्याही कितीतरी वर सूर्याच्या प्रकाशाने हवेचे कण फुटतात आणि विजेने भारलेला एक थर तयार होतो. पुस्तकात त्याला आयनांबर म्हणतात. आम्ही जहाजावर त्याला नुसता 'थर' म्हणायचो. लघुलहरी त्याच्यावर आपटून खाली येतात, म्हणून तर हजारो मैलांवरचं बोलणं ऐकू येतं. विहिरीत खडा टाकून आवाज यायला किती वेळ लागतो त्यावरून पाणी किती खोल ते कळतं. दाजींचं यंत्र तेच उलट्या दिशेने करतं. वर लहर फेकायची, परत कधी येते ते पाहायचं आणि थर किती उंच आहे ते काढायचं.

दाजींचं म्हणणं असं, की त्यांच्या नोकरीभराच्या काळात हा थर हळूहळू खाली आला आहे. कारण कोळसा नि पेट्रोल जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, तो जमिनीजवळ ऊब धरून ठेवतो, पण तिथे वर, विरळ हवेत, उलट ऊब बाहेर टाकतो. वरची हवा गार होते आणि आकसते. पातेलं गॅसवरून उतरवलं की वर आलेलं दूध खाली बसतं, तसा तो थर बसतो.

हे ते एका मोठ्या सभेत वाचणार होते, आणि त्यानंतर निवृत्त होणार होते. केंद्रातले लोक पाठीमागे त्यांना हसत होते. साऱ्या नोकरीत त्यांनी स्वतःचं असं हे एकच म्हणणं मांडलेलं. "सभेत कुणी भोक पाडण्याआधी घरच्या माणसाने पाडावं," ते म्हणाले. मी तिकीट काढलं.

पहाडगंज

आगगाडीबद्दल काही लिहीत नाही; थंडी होती आणि शेजारचा माणूस माझ्या पांघरुणात झोपला, एवढं पुरे. बायकोने ताईसाठी बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात भरून दिले होते. तो डबा मी उशाशी घेऊन झोपलो, तोही साखळीने बांधून.

नवी दिल्लीला उतरून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलो. रिक्षावाला म्हणाला, "मीटर खराब है, बाऊजी." मी म्हटलं, मीटर ठीक करून घे, मी थांबतो. तो हसत निघून गेला. दुसऱ्याचाही मीटर खराब, तिसऱ्याचाही. आमच्याकडे माणूस फसवताना जरा खाली तरी बघतो. इथे डोळ्यांत डोळे घालून, आदराने, 'बाऊजी' म्हणत फसवतात. ताडायला वेळ हवा म्हणून मी बाजारात शिरलो. थंडी हाडात गेली होती. एका दुकानात शाल घेतली.

"प्युअर ऊन है, बाऊजी. जला के देख लो," दुकानदार म्हणाला.

जो माणूस जाळून बघायला सांगतो त्याची मला जास्तच शंका येते. लोकर भडकत नाही, करपते, आणि केस जळल्यासारखा वास येतो. सुती किंवा नकली धागा वेगळा जळतो. पण भर दुकानात काडी ओढणं बरं दिसेना. शाल घेतली आणि शंकाही सोबत घेतली.

अखेर एका रिक्षाने उत्तर प्रदेशच्या हद्दीपर्यंत आणून सोडलं. "आगे नहीं जाएगी, बॉर्डर है." आपल्याकडे सातारा संपून सांगली लागते तेव्हा एसटीला कळतसुद्धा नाही. दाजी स्कूटर घेऊन उभे होते. डोक्याला मफलर, वर हेल्मेट. मला पाहून ते इतके खूश झाले की मला लगेच काळजी वाटू लागली. संशयी पाहुण्याचं एवढं स्वागत करणारा माणूस आतून घाबरलेला असतो.

नवी वसाहत

ताईचं घर नव्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. सगळीकडे विटा, सळया, आणि बागेत हसणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची चित्रं असलेले भलेमोठे फलक. त्या चित्रातली बाग शोधायला मी गच्चीवर जाऊन आलो. नव्हती. पाणी टँकरने, वीज लहरीने. पण प्रत्येक घरात केबल टीव्ही आणि खाली दोन रंगांच्या परदेशी शीतपेयांचं दुकान. दाजी म्हणाले, "देश खुला झालाय, वसंतराव." नळ मात्र बंद होता.

ताईने मटार घालून पोहे केले. तिथले मटार हिवाळ्यात इतके गोड की आपल्या पोह्यांना आजवर काहीतरी कमी होतं असं वाटावं. गाजरं लालभडक. मी आधी ती रंगवलेली असावीत म्हणून पाण्यात घालून पाहिली. ताई म्हणाली, "खा रे बाबा, मेला नाहीयेस अजून." ती माझ्याहून मोठी, आणि घरात माझ्यावर ओरडायचा हक्क असलेली एकुलती एक.

माझी भाची अनघा नोएडाला एका नव्या कंपनीत जाते. ती आली तेव्हा मी शालीच्या काठाशी काडी धरून बसलो होतो.

"मामा, तुम्ही सीरियसली जाळताय? नई शॉल?"

"वास घे."

तिने घेतला. "बिल्कुल बालों जैसा. म्हणजे असली आहे ना?"

असली होती. अस्सल लोकर, आणि तिच्या काठाला आता बोटभर भोक. दाजी हसून हसून लाल झाले. मीही हसलो, पण मनाला काही फार बरं वाटलं नाही. ती शाल मी तशीच वापरली, भोक आत दुमडून.

संध्याकाळी मी माझा जुना लघुलहरींचा रेडिओ लावला. तो मी सगळीकडे नेतो. सहा वाजायच्या सुमाराला वीज गेली. कऱ्हाडात वीज गेली की रेडिओ धुतल्यासारखा स्वच्छ होतो; दिव्यांची, मोटारींची खरखर जाते आणि लांबलांबची स्टेशनं घरात येतात. म्हणून मी सरसावून बसलो. इथे उलटच झालं. क्षणभर शांतता, आणि मग बाल्कनीबाल्कनीतून जनरेटर धडधडायला लागले. खालच्याचा, वरच्याचा, समोरच्या इमारतीतले सगळे. प्रत्येकाच्या ठिणगीची खरखर माझ्या रेडिओत. स्टेशन तर सोडाच, वाऱ्याचा आवाजही येईना.

"रोजचंच आहे," ताई म्हणाली.

"पूर्वीपासून?"

"पूर्वी कुठे घरं होती इथे? सरसों होती नुसती."

मी रेडिओ बंद केला. दाजींचं यंत्रही याच खरखरीत ऐकत असणार, असं मनात आलं.

केंद्र

दुसऱ्या दिवशी दाजींनी मला केंद्रावर नेलं. उंच मनोरे, त्यांच्यातून ताणलेल्या तारा, खाली एक बैठी इमारत. एका बाजूला अजून मोहरीचं पिवळं शेत उरलं होतं. बाकी तिन्ही बाजूंनी कुंपणाला टेकून सदनिका. कुणाच्या तरी चड्ड्या कुंपणाच्या तारेवर वाळत होत्या.

यंत्राची फिल्म मी हातात घेतली. त्यावर प्रतिध्वनीची एक रेघ उमटते. डावीकडून निघते, उजवीकडे जाते आणि शेवटी नांगराच्या मुठीसारखी वर वळते. ते शेवटचं वळण नीट दिसलं तर थर किती उंच ते वाचता येतं. तिथून मी संशयाची झोळी उघडली.

"सूर्यावरचे डाग अकरा वर्षांत वाढतात नि कमी होतात. थरही त्याबरोबर वरखाली होतो."

"तो खेळ वजा करून टाकलाय."

"यंत्र बदललंत ना मध्ये?"

"दोन्ही शेजारी शेजारी चालवली होती. एकच सांगत होती."

"पृथ्वीचं चुंबकत्व?"

"सरकतंय. त्याचा थोडा वाटा असेल, मी नाकारत नाही. पण एवढा नाही." दाजी प्रत्येक उत्तराबरोबर ताठ होत होते. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. मला त्यांची दया आली, आणि दया आली की माझं काम बिघडतं, म्हणून मी घाईने पुढचं विचारलं.

"फिल्म वाचतं कोण?"

"तुमची ताई," ते म्हणाले. "माहीत नाही का तुम्हाला? मुली लहान असताना कामावर घेतलं होतं, तेव्हापासून तीच. तिच्यासारखी नजर इथे कुणाला नाही."

मला माहीत होतं, की ताई केंद्रात 'काहीतरी कारकुनी' करते. आमच्या घरात बायकांच्या नोकरीची चौकशी कुणी त्यापुढे करत नसे.

मी जुन्या फिल्म पाहिल्या, नव्या पाहिल्या. जुन्या स्वच्छ. नव्यांत सकाळच्या बऱ्या. पण संध्याकाळच्या फिल्मवर उभ्या रेघांचा पाऊस, आणि त्यात ती मूठ बुडून गेलेली. शेजारी ताईने वाचलेले आकडे, तिच्या सुबक अक्षरात. पान उलटलं, आणखी एक उलटलं. एकही रकाना कोरा नव्हता.

जहाजावर ऐकू आलं नाही तर आम्ही 'ऐकू आलं नाही' असं लिहायचो. अशा नोंदी भरपूर असायच्या. आकाश काही रोज आपल्या सोयीने वागत नाही. ज्याच्या वहीत एकही कोरी जागा नसे त्याला आम्ही मनातल्या मनात लबाड म्हणायचो. ते सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवलं, आणि समोर अक्षर होतं माझ्या बहिणीचं.

"काय वाटतं?" दाजींनी विचारलं.

"बघतो अजून," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असंच बोलतो.

हिंदूराव

त्या रविवारी दाजींनी मला टेकडीवर हिंदूरावला नेलं. मराठी पाहुणा आला की त्याला तिथे न्यायचं, असा तिथल्या मराठी मंडळींचा रिवाज दिसतो. ग्वाल्हेरहून आलेला एक सरदार इथे राहत होता, त्याचं नाव टेकडीला चिकटलं. आता तिथे मोठं इस्पितळ आहे. दिल्लीची माणसं हे नाव दिवसभर घेतात, पण हा हिंदूराव कोण, कुठला, हे त्यांना विचारा. मी तिघांना विचारलं. एकाने मला औषधाच्या खिडकीची रांग दाखवली.

दाजी बाकावर बसून बोलत राहिले. सभेत काय म्हणायचं, कुठे थांबायचं. "निर्मलालाही सांगितलंय, येऊन बस म्हणून. तिचे आकडे आहेत." शेंगा सोलत ते म्हणाले, "हे खरं ठरलं ना वसंतराव, तर मी निवांत कऱ्हाडला येऊन राहीन. नाहीतर कुठल्या तोंडाने?"

मी शेंगदाणे खाल्ले. कडू निघाले दोन, पण बोललो नाही. मनात एकच चालू होतं: ताईला दिसतं ते ती लिहिते, की लिहायचं म्हणून दिसतं? हे विचारायचं कसं? नवऱ्याच्या साऱ्या नोकरीला भोक पडणार, आणि काडी लावणारा मी.

संक्रांत

संक्रांतीला ताईने तिळगूळ केला. शेजारच्या मल्होत्राभाभी आदल्या दिवशी डबाभर सरसों का साग देऊन गेल्या होत्या. ते साग मी आधी वास घेऊन, मग चाखून, मग दोनदा वाढून घेऊन खाल्लं. वर मक्याची भाकरी. आपल्या ज्वारीच्या भाकरीची लांबची बहीण, जरा जाड अंगाची. दुपारी ताईने भाभींचा डबा घासून पुसला, त्यात तिळगुळाच्या वड्या भरल्या आणि झाकण लावलं.

"नुसता धुऊन दिला तर?" मी सहज विचारलं. खरंच सहज.

"रिकामं भांडं परत करतात का कधी? आईने शिकवलं नाही तुला? असेल ते घालायचं. काही नसलं तर चिमूटभर साखर."

इतक्या शांतपणे म्हणाली ती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, फिल्मवर शेवटचं वळण दिसत नाही तेव्हा काय करतेस?"

"दिसेल तेवढं लिहायचं," ती त्याच सुरात म्हणाली. "रेघ जिथवर दिसते तिथली उंची. कोरा रकाना कसा ठेवायचा? बघवत नाही."

"पण रेघ वर वळायच्या आधीच बुडाली, तर तू वाचलेली उंची खालचीच येणार."

ती डब्यावर हात ठेवून उभी राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही. हुशार आहे ती. वसाहत वाढली, जनरेटर वाढले, संध्याकाळच्या फिल्म बुडत गेल्या, आणि तिचे आकडे वर्षागणिक खाली येत गेले. आभाळ ताईच्या चांगल्या सवयीने खाली आलं होतं.

"किती?" तिने विचारलं. "सगळंच?"

"ते मला माहीत नाही."

दाराशी दाजी उभे होते. किती वेळ, कोण जाणे. हातात भाभींकडे न्यायला घेतलेली हळदीकुंकवाची वाटी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि बाल्कनीत गेले.

"हेच सांगायला बोलावलं होतं तुला?" ताई म्हणाली.

"हो."

"मग सांगितलंस. आता बस." आणि डबा घेऊन ती भाभींकडे गेली. पलीकडून भाभींचा आवाज आला, "अरे वाह, आंटी, आप तो कभी खाली डिब्बा नहीं देतीं!" ताई त्यांना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी मला घरातल्या कुणाकडे पाहवेना. दाजी मला म्हणाले, "वसंतराव, चूक तिची नाही. ठसठशीत नियम आहे: दिसलं नाही तर कोरं सोडायचं आणि कारणाचं अक्षर लिहायचं. तो तिला शिकवायचं काम माझं होतं. मी तिला टेबल दिलं, दिवा दिला, आणि निर्मला आहे म्हणून निर्धास्त राहिलो." मग म्हणाले, "तुम्ही परक्या माणसावर इतका विश्वास टाकला असता का हो?"

मी म्हटलं, "मी घरच्यांवरही टाकत नाही, दाजी." त्यांना हसू आलं. मला आलं नाही.

सभा

पुढच्या दिवसांत आम्ही तिघं केंद्रावर जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. ताई जुन्या फिल्म पुन्हा वाचे. मी वर्ष झाकून फिल्म तिच्यापुढे ठेवी, म्हणजे कुठल्या काळाची हे तिला कळू नये. वळण दिसेना की ती पेन्सिल उचलून थांबायची. हात खाली यायचा, परत वर जायचा. मग कोऱ्या रकान्यात ते कारणाचं अक्षर लिहायची, आणि दरवेळी ओठ घट्ट मिटायची. माझी बहीण इतकी दमलेली मी तिच्या मुलींच्या आजारपणातही पाहिली नव्हती.

सगळ्या वर्षांचं पुन्हा वाचणं शक्यच नव्हतं. दाजींनी संध्याकाळ सगळीच बाजूला काढली; जनरेटर नसतात त्या सकाळच्याच वेळा ठेवल्या. आकडे पुन्हा मांडले. घसरण पुष्कळशी नाहीशी झाली. पण शून्य झाली नाही. थोडीशी उरली, छाती ठोकावी इतकी नाही, नाही म्हणावं इतकीही नाही.

"म्हणजे खरं की खोटं?" अनघाने विचारलं. "पप्पा, फायनली?"

"थोडंसं खरं," दाजी म्हणाले. "बाकीचं जनरेटर आणि तुझी आई."

"अच्छा, मग मम्मी आभाळाहून भारी," अनघा म्हणाली. ताईही हसली. त्या घरात संक्रांतीनंतर पहिल्यांदा कुणी हसलं.

सभेला ताई आली नाही. मी शेवटच्या खुर्चीत बसलो. लोक सुटाबुटातले, एकमेकांचं ऐकतात असं दाखवणारे आणि समोशांकडे बघणारे. दाजींनी आधी मोठी घसरण दाखवली, मग ती खोटी कशी ते दाखवलं, मग उरलेली छोटी. हवा गार होणं, चुंबकत्व सरकणं, दोन्ही कारणं मांडली आणि म्हणाले की या दोघांचे वाटे वेगळे करायला आपल्याकडे पुरेसं नाही. इतकं कमी सांगायला माणसाला किती धीर लागतो, हे मी तिथे पाहिलं.

"फ़िल्म पढ़ी किसने थी?" पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं. सुरातच गंमत होती.

"मेरी मिसेज़ ने," दाजी म्हणाले. "नियम सिखाना मेरा काम था. मैंने नहीं सिखाया."

"तो भाई, आसमान गिरा कि नहीं?"

"थोड़ा-सा. शायद."

लोक हसले. मी त्या हसण्याकडे कान लावून बसलो, सवयीने. त्यात कुत्सित किती आणि मोकळं किती ते मोजत. दोन्ही होतं. दाजी खाली बसले, घाम पुसला, आणि लांबून माझ्याकडे पाहून मान हलवली.

घरी आल्यावर ताईने दारातच विचारलं, "हसले का?"

"हसले."

"ह्यांना वाईट वाटलं?"

"समोसे दोन खाल्ले."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

परत

निघताना दाजींनी विचारलं, "कऱ्हाडला यावं म्हणतो. चालेल ना?" मी म्हटलं, दूधवाल्याची हमी मी घेत नाही, बाकी या. ते स्टेशनवर आले. ताईही आली. एवढ्या थंडीत नको म्हटलं तरी आली.

गाडी हलायच्या आधी तिने लाडवांचा डबा खिडकीतून आत दिला. मी तो हातात घेतला. हलका होता. हलवून पाहिला, आवाज आला नाही.

"रिकामाच आहे," ताई म्हणाली. "सवय करतेय."

तिने तोंड वळवलं नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचाही तिने प्रयत्न केला नाही. गाडी सुटली.

मथुरेच्या आसपास मी डबा उघडला. मी मीच, माझा विश्वास बसला नव्हता. तळाशी निदान चिमूटभर साखर असेल, एखादी तिळाची वडी असेल असं मनापासून वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा माझा संशय खरा ठरावा अशी मी प्रार्थना केली. डबा घासलेला, कोरडा, लख्ख रिकामा होता. ती भोक पडलेली शाल तोंडावर ओढून मी बसून राहिलो.

घरी बायकोने पिशवी उपसली. डबा उघडला, आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं बाई, रिकामा? ताईंनी? काय झालं? रागावल्या का?"

"नाही," मी म्हटलं. "जे नव्हतं ते घातलं नाही त्यांनी."